साबणाच्या पुड्यांमागची बाटली

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत उत्तम असेल असं धरून चालते. नसेल तर उलट टपाली कळव, लपवू नकोस. माझा गुडघा जिन्यापुरता दुखतो, सपाटीवर तक्रार नाही. यांचं ब्लडप्रेशर गोळीने ताब्यात आहे. चिरंजीव आणि सूनबाई ठणठणीत आहेत, किंबहुना जरा जास्तच, ते पुढे येईल. फोनवर बोलले असते, पण गेला आठवडाभर मी फोन उचलला की घरातल्या कुणाला तरी नेमकं त्याच खोलीत काम निघतं. पत्र लिहिणाऱ्या बाईवर मात्र अजून कुणाला संशय येत नाही.

आठ महिन्यांपूर्वी मी तुझ्या बेकरीत आले होते, तेव्हा तू म्हणालास की बाजारच्या इसेन्सने केकला मागाहून कडवट चव राहते. खरा व्हॅनिलाचा अर्क घरीच होतो, शेंगा उभ्या चिरून व्होडकात सहा महिने बुडवून ठेवायच्या, बस्स. मी म्हटलं, मग कर की. त्यावर तू परातीतलं पीठ मळत, मान वर न करता म्हणालास, “नाही ताई. ती बाटली मी घरात आणणार नाही.” दारू सोडून तुला सहा वर्षं झाली, पण त्या दिवशी मला पहिल्यांदा खात्री पटली. (कौतुक तोंडावर करू नये, माणूस सैलावतो, म्हणून तेव्हा केलं नाही.) परत येताना बसमध्येच ठरवलं की अर्क मी करणार आणि तयार झाल्याशिवाय तुला सांगणार नाही. चोवीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काढलेल्या बाईला शेंगा भिजवणं अवघड जाऊ नये.

शेंगा टपालाने यायला दोन महिने लागले, आल्या त्या वाळक्या चामड्याच्या वादीसारख्या. प्रश्न व्होडकाचा होता. दारूच्या दुकानाची पायरी मी याआधी फक्त तुला तिथून बाहेर काढण्यासाठी चढले होते. भर दुपारी, गर्दी नसेल अशा बेताने, कापडी पिशवी घेऊन गेले. गल्ल्यावर माझा जुना विद्यार्थी निघाला. मला पाहताच तो उभा राहिला आणि त्याने हात पाठीमागे बांधले. मी वास नसलेली, रंग नसलेली, चाळीस टक्क्यांची एक बाटली मागितली. त्याने ती वर्तमानपत्राच्या चार कागदांत गुंडाळली आणि हळू आवाजात विचारलं, “बाई, घरी सगळं ठीक आहे ना?” मी म्हटलं, प्रयोग आहे. त्याने मान डोलावली. ते डोलावणं मला आवडलं नाही.

बाटली अंधारात ठेवायची असते, म्हणून ती मी न्हाणीघराच्या कपाटात, खालच्या फळीवर, साबणाच्या पुड्यांमागे ठेवली. (जागा तुझीच. तुझ्या घराच्या झडत्या घेताना मला तिथली बाटली सापडायला दोन वर्षं लागली होती, तेव्हा जागा चांगली असणार.) दर रविवारी दार लावून ती हलवायची, उघडून वास घ्यायचा आणि रंग उतरला की महिन्यातून एकदा चमचाभर कोमट दुधात घालून चव पाहायची. शेंगाही थोडं पितात. सांगायचा मुद्दा, पातळी उतरत गेली आणि पाचव्या महिन्यात मी दुसरी बाटली आणली. यावेळी विद्यार्थ्याने काही विचारलं नाही, नुसतं दार उघडून धरलं.

पुढच्या रविवारी बाटली हातात घेतली, तर तिच्यावर कागदी चिकटपट्टी, पातळीला बरोबर लावलेली, वर बारीक अक्षरात तारीख. ही युक्ती या घराण्यात कुणाची, हे तुला वेगळं सांगायला नको. सूनबाईला मीच कधीतरी अभिमानाने सांगितली होती.

त्या संध्याकाळी मला बैठकीच्या खोलीत बोलावण्यात आलं. तीन खुर्च्या एका बाजूला, एक समोर, स्टुलावर पाण्याचा ग्लास. तुला आठवत असेल. चिरंजीवाने घडी घातलेला कागद उघडला आणि वाचायला लागला, “आम्ही चिडलेलो नाही, आम्हाला काळजी वाटते.” पहिल्या वाक्यालाच मी ओळखलं. तुझ्या वेळी मीच लिहिलेला तो मजकूर होता, माझ्याच फायलीतून काढलेला. सूनबाईने तुझ्या जागी आई घालून नीट उतरवून घेतला होता. एका ठिकाणी बदलायचं राहिलं, त्यामुळे माझी नोकरी जाईल अशी भीती व्यक्त झाली. मला निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. मजकूर मात्र चांगला आहे. जरा लांबला आहे, आणि समोरच्या खुर्चीवरून ऐकताना त्यात काळजीचा शब्द वाटतो तितक्या वेळा येत नाही.

मी शांतपणे सांगितलं की हा केकसाठीचा अर्क आहे. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. या घरात मी एकतीस वर्षांत एकही केक केलेला नाही. मी बाटली आणून शेंगा दाखवल्या, तर सूनबाई कळवळून म्हणाली, “आई, यात आता काय काय घालताय तुम्ही?” कुणाच्या केकसाठी, हे सांगणं तर शक्यच नव्हतं. दोन बाटल्या व्होडका माझ्या धाकट्या भावासाठी आणली, हे वाक्य तू स्वतः म्हणून बघ. मग हे माझ्या खांद्यावर हात ठेवून अगदी मायेने म्हणाले, “असंच सांगतात गं सगळे.” वाक्य माझंच आहे. तुला मी ते किती वेळा ऐकवलं, त्याची मोजदाद माझ्याकडे नाही, तुझ्याकडे असेल.

सध्या दोन्ही बाटल्या यांच्या कपाटात कुलपात आहेत आणि रविवारी हलवायला कुणी नाही.

बेकरी सांभाळून राहा, वेळेवर जेव.

तुझी,
ताई

ता. क. येत्या रविवारी ये. तिघांसमोर सांग की अर्क तुझ्या बेकरीसाठी आहे. माझ्या बोलण्यावर इथे कुणी विश्वास ठेवत नाही, तुझ्यावर ठेवतील. सहा वर्षांत तू खोटं बोलल्याचं कुणाला आठवत नाही. मलाही नाही.

ता. क. २. तुझ्या कपाटातली शेवटची बाटली मी मोरीत ओतली, तेव्हा तू म्हणाला होतास की ते स्पिरिट आहे, बाबांच्या टेबलाच्या पॉलिशसाठी. मी वास घेण्याचीही तसदी घेतली नाही. ते टेबल परवा माझ्या डोळ्यांसमोर आलं. तुझ्याकडे येते तेव्हा दर वेळी बघते, अर्धं चकचकीत आहे आणि अर्धं तसंच. मी आजवर त्याला तुझा आळस समजत होते.

ता. क. ३. तुझ्या घराची माझ्याकडची किल्ली सोबत पाठवली आहे. उरलेल्या अर्ध्या टेबलासाठी स्पिरिट मी आणून देईन. दुकानात जाण्याची मला आता सवय झाली आहे.