मागच्या दाराला कुलूप

३ नोव्हेंबर, सोमवार

डावी सपात गायब! टेबलाखाली उजवी एकटीच, आणि तीही काही सांगायला तयार नाही. अकरा वर्षं या ऑफिसात रोज सकाळी बूट काढून सपाता घालते आहे. तेवढ्या काळात सरकारं आली नि गेली, कंपनीचा मालक दोनदा बदलला, सपात जागची हलली नव्हती. आज हलली. दाद मागायची कुणाकडे? कर्मचारी विभागाला लिहिलं तर ते समाधान मोजणारा अर्ज भरायला पाठवतील. दिवसभर एका पायात सपात, एका पायात बूट. बैठकीलाही तशीच गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. बावन्नाव्या वर्षी बाईच्या पायांकडे कोण बघतंय!

दुसरी बातमी, म्हणजे खरी — माझा पॅच, कोडच्या दुरुस्तीचा तुकडा, कर्नलच्या (संगणकाचा सगळा कारभार बघणारा मूळ प्रोग्राम) चाचणी-आवृत्तीत गेला. तीन वर्षं. चौदा वेळा नव्यानं लिहून. आनंद व्हायला हवा होता. झोप आली.

४ नोव्हेंबर

अभिनंदनाची दोन पत्रं. त्यातलं एक यंत्रानं आपोआप पाठवलेलं.

५ नोव्हेंबर

आईनं फोनवर विचारलं, "तीन वर्षं केलंस तरी काय?" सांगितलं. प्रोग्राम चालू झाला की त्याच्या स्वतःच्या सूचना मेमरीत मांडल्या जातात आणि त्यांना कुलूप लागतं — वाचा, पण खोडायचं नाही. प्रोग्रामला स्वतःलासुद्धा नाही. पण फार पूर्वी, चुका शोधणाऱ्या साधनांच्या सोयीसाठी, कुणीतरी एक मागचं दार ठेवलं. एका खास फाइलीतून लिहिलं की कुलपाला कुणी विचारतच नाही. चोर आत शिरला की नेमका तिथून जातो, आणि सरळमार्गी प्रोग्राम आपल्याच हातानं स्वतःला बदलून चोराचा नोकर होतो. गेल्या हिवाळ्यात एका इस्पितळाचे सगळे संगणक असेच बसले. माझा पॅच ते दार बंद करतो. बाहेरून तपासायला आलेल्याला मुभा, स्वतःला नाही.

"म्हणजे इतकी वर्षं दार उघडंच होतं?" आई म्हणाली. "आणि तुम्हाला पगार मिळत होता?"

६ नोव्हेंबर

समोरच्या टेबलावरून झ्बिन्येक ओरडला, "मिर्का, लिस्टवर चेक भाषेत पत्र! तुझ्या नावानं. बाई शिव्याच देतायत, पण फार सभ्यपणे."

कर्नलवाल्यांची साऱ्या जगाची इंग्रजी टपाल-लिस्ट, तिच्यात हे एक चेक पत्र. दोघांनी तर जाहिरात समजून उडवूनही लावलं होतं. अल्झ्बेता कुबातोवा, वय सत्तावन्न. यिह्लावाच्या एका इस्पितळात टेलिफोनवर बसतात. डोळ्यांनी दिसत नाही. पुढ्यात ब्रेल पट्टी — पडद्यावरची ओळ तिच्यावर ठिपक्यांनी उमटते, त्या बोटांनी वाचतात. पट्टी चालवणारा प्रोग्राम त्यांच्या नवऱ्यानं लिहिलेला. नवरा वारला. इस्पितळाच्या संगणकवाल्यानं आमची चाचणी-आवृत्ती घालून पाहिली तर ठिपके वर येईचनात. चोरीच्या धास्तीनं नवी आवृत्ती एक डिसेंबरपासून सगळीकडे बसणार. 'तोवर पट्टी चालली नाही तर मी विश्रांती घ्यावी, असं वरिष्ठांनी सुचवलं आहे. मला विश्रांती नको आहे.'

चौदा आवृत्त्यांवर दोनशेच्या वर शेरे आले असतील. त्यातलं एकही वाक्य इतकं सरळ नव्हतं.

७ नोव्हेंबर

बाईंना फोन केला. आवाज खणखणीत, रोज दोनशे फोन घेणाऱ्या माणसाचा.

"प्रोग्रामचा मूळ मजकूर आहे का तुमच्याकडे?"

"बोहुमीरच्या डिस्कवर होता. डिस्क गेली, आठवड्यानं तो गेला. त्यांचं दोघांचं माझ्यापेक्षा जास्त जमायचं."

"आता नवे चांगले प्रोग्राम मिळतात की."

"घेतला होता ना. फोन वाजल्यावर पाऊण सेकंदानं सांगतो, कुठून आलाय ते. बोहुमीरचा लगेच सांगतो. मॅडम, पलीकडे कुणाचा तरी बाप निळा पडलाय, अशा वेळी पाऊण सेकंद मोजून बघा."

मोजून बघितला. लांब असतो.

१० नोव्हेंबर

मेमरीचा सगळा भाग आयर्लंडमधून फर्गल सांभाळतो. त्याच्या होकाराशिवाय तिथं पान हलत नाही. आज पडद्यावर आला, मागे वाळत घातलेले मोजे.

"मिर्का, आपला कायदा एकच. लोकांचं चालू असलेलं मोडायचं नाही. एक बाई असो नाहीतर एक कोटी."

"चोरांचंही चालूच आहे की! तेही मोडायचं नाही?"

"चोर तक्रार करत नाहीत. तीस तारखेला आवृत्ती निघते. त्याआधी तोड काढ, नाहीतर तुझा पॅच काढतो."

म्हणजे दार उघडं ठेवलं तर चोर, बंद केलं तर अल्झ्बेताबाई घरी. झ्बिन्येक म्हणाला, "पेन्शन मिळेलच ना त्यांना?" त्याच्याकडे असं काही बघितलं की तो कॉफी आणायला गेला. पण इथं लिहायला हरकत नाही — सकाळी ट्रामच्या थांब्यावर अर्धा तास मीही तोच विचार करत होते.

१३ नोव्हेंबर

बाईंच्या संगणकवाल्यानं प्रोग्राम पाठवला. एवढासा. हल्ली लोकांच्या पत्राखालचं कंपनीचं चित्र याच्यापेक्षा मोठं असतं.

१४ नोव्हेंबर

काही सुचलं नाही.

१७ नोव्हेंबर, स्वातंत्र्यलढ्याच्या दिवसाची सुट्टी

सगळं ब्र्नो शहर रस्त्यावर मेणबत्त्या लावायला गेलं. मी घरी, कालचं बटाट्याचं सूप, आणि बोहुमीरचा प्रोग्राम. तो कर्नलला काय काय विचारतो ते ओळीओळीनं दाखवणारं साधन आहे, ते लावून बसले.

वेग कशात आहे ते कळलं. सुरू होताच पट्टी कोणत्या जातीची आहे ते बघतो आणि तिला बेतून स्वतःच्याच सूचना बदलून घेतो. ते बदलायला — अर्थात मागचं दार! पण त्याच्या आधीची एक ओळ बघून चमचा खाली ठेवला. दाराकडे जाण्यापूर्वी तो कर्नलला रीतसर विचारतो: 'मला मेमरीतल्या माझ्या पानांत एकदाच बदल करू द्याल का?' असा प्रश्न आमच्यात नाहीच. कर्नलला विचारायच्या प्रत्येक प्रश्नाला क्रमांक असतो, याचा कुठल्याच यादीत नाही. कर्नल म्हणतो, असं काही नसतं. मग तो मागच्या दारानं जातो.

रोज सकाळी, बाई कामावर बसल्या की, आधी एकदा रीतसर विचारतो.

१८ नोव्हेंबर

तो क्रमांक लिस्टच्या जुन्या दप्तरात शोधला. एकच पत्र सापडलं. मार्च २००५, बोहुमीर कुबात, एकशे वीस ओळींचा पॅच. प्रोग्रामनं सुरुवातीला, सांगून, ठरावीक पानांत एकदाच बदल करावा. मग ती पानं कायमची बंद, कुणालाच उघडता येऊ नयेत, स्वतःलाही नाही. आणि शेवटी एक वाक्य — 'हे घेतलंत तर मागचं दार बंद करता येईल.'

माझी तीन वर्षं, त्याच्या एकशे वीस ओळी. तेही वीस वर्षं आधी!

खाली एकच उत्तर. माझं. तेव्हाच्या आडनावानं, जे घटस्फोटात परत केलं. 'टॅबच्या जागी स्पेस आहेत, पॅच लागत नाही. पुढच्या वेळी पाठवण्याआधी डोळे उघडून बघा.' त्यानंतर त्याचं पत्र नाही.

झ्बिन्येकला वाचून दाखवलं. तो खो खो हसला. "मिर्का, तू तेव्हाही अशीच!" ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा टॅबच्याच कळीनं सोडायची हा नियम आहे, मी केला नाही. शंभर जणांना असंच लिहिलं असेल, नव्वद जणांनी दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पाठवलं. हा नाही पाठवू शकला? आणि खरं सांगायचं तर वाक्य मला अजूनही आवडलं. एकतीस वर्षांची होते. जीभ चांगली चालायची.

२० नोव्हेंबर

मोकळ्या जागांकडे दुर्लक्ष कर, असं यंत्राला सांगितलं आणि त्याचा पॅच लावला. वीस वर्षांत आजूबाजूचं बदललं होतं ते जुळवलं. त्याच्यावर माझा पॅच. मागचं दार बंद. बोहुमीरचा प्रोग्राम चालू केला. त्यानं रीतसर विचारलं. कर्नल म्हणाला, हो.

पहिल्यांदाच.

फर्गलला दाखवलं. मोजे अजून तिथंच. "लेखकाची सही आहे?" आहे — हे काम माझं आहे आणि तुम्हाला द्यायचा मला हक्क आहे, ही ओळ तळाशी. "मग माणूस नसला तरी पॅच त्याच्याच नावानं जाईल. तू फक्त आणून देणारी."

"माहीत आहे मला, फर्गल."

२२ नोव्हेंबर

दिवसभर झोपले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

बोहुमीरचा जुना पॅच घेतोय, हे कळवायला बाईंना फोन केला. त्यांना हसू आवरेना. "म्हणजे घेतलं शेवटी? तेव्हा ब्र्नोच्याच कुणा बाईनं त्याला लिहिलं होतं, डोळे उघडून बघा! आम्ही दोघंही जन्मापासून आंधळी. आठवडाभर हसत होतो. त्यानं सूप सांडलं की मी म्हणायची, बोहुमीर, डोळे उघडून!" मग म्हणाल्या, "पुन्हा नाही पाठवलं पण. टॅब काय, स्पेस काय, पट्टीवर दोन्ही कोरेच. बोटाला कसं कळणार?"

ती बाई कोण ते सांगितलं नाही.

दुपारी एकशे वीस ओळींतल्या स्पेस काढून टॅब घातले, यंत्राला न देता, एकेक करून. लेखक बोहुमीर कुबात, तारीख त्याचीच. मग २००५च्या त्या पत्रात, माझ्या ओळीच्या खाली, पॅच घेतल्यावर आम्ही लिहितो तेवढंच लिहिलं — घेतला. आभार.