गोधडीचे कच्चे टाके

९ नोव्हेंबर, रविवार
नाशिकहून मोखाड्याला घरी परत. चांगली बातमी. डॉक्टर म्हणाले, आता इथं ठेवून उपयोग नाही, प्रतिभाताईंना घरी न्या, आवडेल ते खायला घाला. म्हणजे पथ्यसुद्धा उठलं! करिष्मा केबिनमधून बाहेर आली आणि रडायला लागली. आमच्या पोरीला आनंदानंही रडू येतं, लहानपणापासूनच. ठाण्याला नोकरीवर परत जाताना आईसाठी मऊ ब्लँकेट ठेवून गेली.

११ नोव्हेंबर
ब्लँकेट नापास. अंगावर काही आहे असं वाटतच नाही, प्रतिभा म्हणते. तिला गोधडीचं वजन हवं. पावसाळ्यात तिनं स्वतःच्या जुन्या साड्या गोधडीसाठी काढून ठेवल्या होत्या, मग हात चालेना. मी कामाची वाटणी केली. साड्यांचे थर लावून ते हलू नयेत म्हणून कच्चे टाके मी घालणार. वरची पक्की शिवण ती घालणार, बरी झाल्यावर. म्हणाली, "तुमीच घाला सगली." आजाऱ्याचा कॉन्फिडन्स कमी असतो. तो वाढवणं माझं काम.
पंचायत समितीत सगळी नोकरी कागद टाचण्यात गेली. चार साड्या टाचायला किती वेळ लागणार?

१४ नोव्हेंबर
सुई-दोरा वेळखाऊ. स्टेपलर वापरला. दुपारच्या आत गोधडी सगळ्या बाजूंनी जोडून तयार. प्रतिभाला दाखवली. ती हसली. खोकला येईपर्यंत हसली. किती दिवसांनी!
नंतर म्हणाली, ह्या पिना अंगाला टोचतील, पहिल्या धुण्यात गंजतील. सगळ्या काढल्या. अबोली साडीला भोकं पडली. ही तिनं करिष्माच्या बारशाला नेसली होती. तिनं भोकावरून बोट फिरवलं.

१८ नोव्हेंबर
नवीन पद्धत. भाताची घट्ट खळ करून थर चिकटवायचे. शिवून झाल्यावर धुतलं की खळ गेली. आयडिया पूर्णपणे माझी. शेजारची सुकरी नाचणीची आंबील घेऊन आली होती. म्हणाली, "भाऊसाब, गोधडी काय पाकीट हाय, चिकटवायला?" दुर्लक्ष केलं.

१९ नोव्हेंबर
मुंग्या.

२३ नोव्हेंबर
बाजारातून सेफ्टी पिना आणल्या. होत्या तेवढ्या सगळ्या. दुकानदारानं विचारलं, ब्लाऊजचं दुकान टाकताय का. या पद्धतीत दोष नाही. फक्त प्रतिभानं कापड चाचपायला हात घातला आणि उघडी राहिलेली एक पिन बोटात गेली. हात फार बारीक झालाय. बांगड्या कोपरापर्यंत जातात. वजन कमी व्हावं म्हणून लोक पहाटे उठून रस्त्यानं धावतात.
आंबील दोन घोट घेतली. कालपेक्षा कमी. पण काल जरा जास्तच झाली होती.

२९ नोव्हेंबर
शेवटी दोरा. कडेनं सुरू केलं तर मधोमध फुगा आला. प्रतिभा अंथरुणातूनच म्हणाली, मधून सुरू करा, हातानं साफ करत कडेला या. ऐकलं. पेशंटशी सल्लामसलत केली की पेशंटचं मन रमतं. संध्याकाळी काम फत्ते. गोधडी उचलली तर सतरंजीपण उचलली गेली. खालची सतरंजी आणि माझ्या लुंगीचं एक टोक, सगळं एकत्र टाचलं होतं. सुकरी दारात बसून हसली. "बरा झाला बाई भिताडाजवळ नाय बसले, न्हायतर घर आलं असतं गोधडीत."
प्रतिभाला झोप लागली होती. तिला हे सांगायचं राहिलं.

४ डिसेंबर
उसवून पुन्हा घातले. मधून कडेला, लांब लांब टाके, एक सुरकुती नाही. प्रतिभा म्हणाली, झक्क झाली, आता शिवा. सुकरी म्हणाली, तिच्या पाड्यावरच्या बाया बोलावते, चौघी चार बाजूंनी बसू, दोन दुपारी खल्लास. मी नम्रपणे नकार दिला. पक्की शिवण प्रतिभाची आहे. आधी ठरलंय.
नंतर बारकाईनं तपासलं तर एका कोपऱ्यात सुरकुती. उसवला तो भाग. सुकरी म्हणाली, "भाऊसाब, ही सुरकुती कालपण नव्हती न् आजपण नाय." तिला चष्मा लागला असावा.

९ डिसेंबर
थंडी वाढली. प्रतिभा कुडकुडते. म्हणाली, "हाय तशीच टाका अंगावर." मी नीट समजावून सांगितलं. कच्च्या टाक्यांवर गोधडी वापरली की थर सरकतात, आतल्या साड्यांचे गोळे होतात, केलेलं सगळं वाया. शिवून झाली की तुझीच आहे, आठवडाभर दम धर. म्हणाली, "बरं." आणि भिंतीकडे वळली.
ब्लँकेट दुहेरी करून घातलं. तरी कुडकुडत होती. मला राग आला. कुणाचा, ते कळलं नाही.

१३ डिसेंबर
करिष्माचा फोन. रजा काढून येते म्हणाली. मी म्हटलं, रजा वाया घालवू नकोस, संक्रांतीला ये, तोवर आई शिवायला बसलेली असेल. मग म्हणाली, बाबा, मी उद्या निघते.
प्रतिभा जास्त वेळ झोपते. विश्रांती उत्तम चालू आहे. पाणी चमच्यानं. मी शेजारी बसून डावी बाजू उसवली आणि पुन्हा टाचली. या वेळी दोरा पांढरा घेतला, म्हणजे तिला नंतर कच्चे टाके ओढून काढायला सोपे जातील.

१७ डिसेंबर
प्रतिभा सकाळी गेली. करिष्मा जवळ होती. मी बाहेर सुईत दोरा ओवत होतो. ओवला जात नव्हता.

१८ डिसेंबर
काही लिहिण्यासारखं नाही. घर थंड आहे.

२१ डिसेंबर, रविवार
आज बायका आल्या. माणूस ज्या पांघरुणात गेलं ते आमच्याकडे घरात ठेवत नाहीत, ओहळापलीकडे नेऊन टाकतात. गादी काढली, उशी काढली, तिची साडी, ब्लँकेट. सगळं अंगणात ठेवलं. मी आतून गोधडी आणली आणि त्या ढिगावर ठेवली. तिचीच होती, तिच्याबरोबर जाऊ दे.
सुकरीनं ती परत उचलली. झटकून घडी केली आणि माझ्या हातात दिली.
म्हणाली, "ही ठेवा, भाऊसाब. ही तिच्या अंगाला लागलीच नाय."