लोटलेलं दार

तीर्थरूप बाबांना,
तुम्हां दोघांच्या पाया पडून लिहिते.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. घरातली पहिली पदवीधर होईन म्हणून इतक्या लांब वसतिगृहात पाठवलंत, ते वाया जाऊ देणार नाही. तुमचा गुडघा कसा आहे? धाकटीला म्हणावं, टेबल तुझं झालं, पण माझा खण उघडायचा नाही.

दर फोनला तुम्ही विचारता, ‘दाराला कडी लावतेस ना?’ मी हो म्हणते. ते खोटं होतं, बाबा. माझ्या खोलीतली मैत्रीण तापाने गेली, त्याला सहा आठवडे झाले. तुम्हाला सांगवलं नाही. शेवटी येईल तिने कडी लावायची, असं आमचं ठरलेलं. मी आत आले की वाटतं, शेवटची मी नाही. म्हणून दार नुसतं लोटते. जिन्यात पावलं वाजली की तिच्या खाटेवरची माझी पुस्तकं उचलते.

काल दुपारी तिच्या आई तिचं सामान न्यायला आल्या. माझ्या मागून आत आल्या आणि सवयीने त्यांनी कडी लावली.

‘थांबा, ती यायची आहे,’ मी बोलून गेले.

त्यांनी कडी काढली. मग आम्ही दोघी दाराकडे बघत बसलो.

आईला एवढंच सांगा, की मी कडी लावते. आजपासून ते खरं करायचा प्रयत्न करीन.

तुमची,
थोरली