सुमनच्या वाट्याचा चमचा

१२ जुलै
सातवी जाळी अजून चालू! आज नववा दिवस. आमच्या प्रयोगशाळेत प्रियंका मॅडम स्टीलच्या जाळीवर निकेलचा पातळ थर बसवतात. पाण्यातून हायड्रोजन निघावा, तोही महागड्या धातूशिवाय — एवढ्यासाठी त्यांची चार वर्षं. बाकीच्या सहा जाळ्या दोन दिवसांत मंदावल्या.
"वामनकाका, थर बसवायचं पाणी तुम्हीच गाळलं होतं ना?"
"हो," म्हणालो. पुढचं बोललो नाही.

१३ जुलै
पुढचं इथे लिहितो. माझ्या बायकोचं, सुमनचं, डायलिसिस चालू आहे. प्यायचं पाणी मोजून. त्यातच रोज एक चमचा जामसांवलीच्या मारुतीचं तीर्थ, लोणच्याच्या जुन्या बाटलीतलं. "गोड लागते," म्हणते. थर बसवायच्या दिवशी म्हणाली, "माहा आजचा चमचा मॅडमच्या पाण्यात टाका. पोरगी लय राबून राहिली. मले आज तहान नाही."
औषधाच्या शिशीतून नेला. टाकला. कोणी पाहिलं नाही.

२ ऑगस्ट
सुमन गेली.

२० ऑगस्ट
कामावर आलो. आठवी, नववी, दहावी — तिन्ही जाळ्या बंद पडल्या. मोठे सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सातवीचे आकडे घरी बसून लिहिले काय?" मॅडमनी हातमोजे काढले. पुन्हा घातले.

२१ ऑगस्ट
बाटली देव्हाऱ्यात आहे. तळाला थोडं तीर्थ. तिच्या मागे मी एवढी एकच वस्तू हलवलेली नाही. सांगितलं तर द्यावी लागेल. नाही सांगितलं तर त्या पोरीवर खोटेपणाचा डाग. मारुतीसमोर तासभर बसलो. उत्तर मला आधीच माहीत होतं.

२२ ऑगस्ट
सांगितलं. बाटली टेबलावर ठेवली. रागावतील वाटलं. त्या झाकणाकडेच पाहत राहिल्या.
"काका, हा गंज?"
"किती वेळा म्हटलं तिले, फेक ते झाकण!"
"बरं झालं, ऐकलं नाही." गंज म्हणजे लोखंडच; निकेलमध्ये ते कणभर मिसळलं की थर जोर धरतो म्हणे. मग हळूच म्हणाल्या, "तो चमचा काकूंच्या मोजून प्यायच्या पाण्यातला होता?"
मी मान डोलावली. मॅडम खिडकीकडे वळल्या.

९ सप्टेंबर
अकरावी जाळी त्याच तीर्थाची. दहावा दिवस, चालू आहे! सरांनी स्वतः येऊन आकडे उतरवले. जाताना मॅडमना "माफ करा" म्हणाले. मॅडमनी माझ्या हातात बाटली दिली. "एक चमचा ठेवलाय. काकूंचा."

१० सप्टेंबर
सकाळी पूजेनंतर तो चमचा मी प्यालो. तुरट. नुसता गंज.
गोड लागायचं तिला. एवढी तहान होती!