कुंकू लावलेला काटा

चोपडे, मंगळवार, संध्याकाळ

परवा बोटीवर पेट्रोलचा नवा मीटर बसवला, बायकोने हौसेने त्याला कुंकू लावलं, आणि आज सकाळपासून माझ्या डोक्याला स्वस्थता नाही. पर्यटकांना घेऊन बोट फिरवतो माझा मेव्हणा उदय. काल म्हणाला, "भावजी, टाकी फुल्ल भरून ठेवलीय." आज सकाळी बघतो तर कुंकवाखाली काटा शून्यावर! बोट रात्रभर धक्क्याला बांधलेली. मग पेट्रोल काय मासे प्याले?

बायकोचा भाऊ. तोंडावर चोर कसं म्हणणार? नुसती बोटीची चावी मागून घेतली. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने दिली. चोरी केली नसती तर भांडला असता. की नसता?

दुपारभर तेच डोक्यात. शेवटी काठी घेऊन टाकीत घातली, किती मारलं ते तरी कळू दे म्हणून. काठी वरपर्यंत भिजून आली. टाकी काठोकाठ, आणि कुंकवाखाली काटा शून्यावरच.

तेव्हा आठवलं. मीटर बसवताना वास्कोचा मेकॅनिक म्हणाला होता, "टाकीतलो फ्लोटय बदल, ना जाल्यार काटो उलटो चलतलो." म्हणजे टाकीतला तरंगता गोळा जुनाच ठेवला तर काटा उलटा चालणार, भरलेल्या टाकीला शून्य. मला वाटलं, हा जास्तीचा माल गळ्यात मारतोय. म्हटलं, जुनाच राहू दे.

चावी अजून माझ्या खिशात आहे. बायको आतून विचारतेय, उदय आज जेवायला का आला नाही?