पंख जुळलेला भुंगा

रत्नागिरी
सोमवार, १३ मे २०२४

चि. सागर यास,
आत्याचे आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत नाहीस, आणि गुरुवारी तुझी गाडी झाडं आणि माती घेऊन देवगडला निघणार आहे, म्हणून हे पत्र लिहावं लागतं आहे. ती गाडी जाऊ देऊ नकोस. एवढंच वाचून पत्र बाजूला ठेवलंस तरी माझं काम झालं. पण कारण न विचारता ऐकणारा तू लहानपणीही नव्हतास, तेव्हा पुढचं लिहिते.

माझं ठीक चाललं आहे. गुडघे कुरकुरतात, पण सडा, तो कातळाचा माळ, चढायला अजून कोणाचा हात धरावा लागत नाही. तुझ्या आईने पाठवलेली आमसुलं पोचली. यंदा चांगली वाळली आहेत, तिला सांग. तुझ्या बाबांचा, आमच्या दादाचा, खोकला कसा आहे ते तुझ्या बायकोकडून, दीपालीकडून कळतं. तुझ्याकडून काहीच कळत नाही.

त्या भुंग्याचं काम पूर्ण झालं. हेतल तुला आठवत असेल, शाळेत माझ्या हाताखाली शिकली, आता पुण्याला कीटकांवर संशोधन करते. तिने जगभरच्या नोंदी पाहिल्या. आपल्या सड्यावर मला सापडलेल्या या जातीची नोंद कुठेच नाही. तो सापडला तेव्हा तू दीपालीला म्हणाला होतास, "रिटायर झाल्यावर लोक काशीला जातात, आमची आत्या किडे धरते." हस. पण आता त्याची शरीररचना सांगते ती कंटाळा न करता वाच, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

अंगठ्याएवढा भुंगा. रंग पावसात भिजलेल्या जांभ्या दगडासारखा. मिशांना करवतीसारखे दाते, नराच्या लांब, मादीच्या आखूड. मादीचं पोट इतकं जड की चालताना जमिनीला घासतं. भुंग्यांच्या पाठीवर दोन टणक झाकणं असतात, ती उघडून ते खालचे पंख पसरतात आणि उडतात. याची झाकणं मधोमध जुळून एक झालेली आहेत. हेतलने सुई घालून सोडवायचा प्रयत्न केला; झाकण तुटलं, उघडलं नाही. आणि खाली पंखांच्या जागी कांद्याच्या पापुद्र्यासारखे दोन तुकडे. हा उडत नाही. सड्यावरच्या वाऱ्यात उडणारा किडा समुद्रात जाऊन पडतो, चालणारा मागे राहतो. हा चालणाऱ्यांच्या वंशातला.

अळी बोटाएवढी, सायीच्या रंगाची, डोकं तपकिरी, पाय नावापुरते. ती जमिनीखाली मुळांत राहते, काही वर्षं राहते. खोडकिडा लागला की भुसा दिसतो, डिंक दिसतो, तुम्ही तार घालून त्याला मारता. ही काहीच दाखवत नाही. मूळ आतून खाते आणि साल तशीच ठेवते. वर झाड हिरवंगार.

आता प्रसार, म्हणजे हा कुठे कुठे आढळतो ते. आपला सडा. कातळाच्या खळग्यांत जिथे वीतभर माती साचते, तिथल्या झुडपांची मुळं हे त्याचं अन्न. पलीकडच्या सड्यावर तो नाही, कारण मध्ये ओढा आहे. एवढंच त्याचं जग, असं आम्ही आमच्या लेखात लिहूनही ठेवलं होतं.

मग दीपालीच्या मावशीचा, गोदूबाईचा, मालगुंडहून फोन आला. तिच्या अंगणात तू प्रेमाने लावून दिलेलं आंब्याचं मोठं कलम पडलं होतं. मी गेले. ती म्हणाली, "वारा नाय, काय नाय. मी सुकी मासळी उलटीत होते, नि झाड बसलं गो बाई. म्हातारं माणूस बसतं तसं खाली बसलं." मी मुळं तोडून पाहिली. बोटाने दाबली की आत जात होती. मी उकिडवी बसून अळ्या वेचत होते आणि ती माझ्या डोक्याशी उभी राहून म्हणत होती, "एवढ्या शिकलात, नि माझ्या अंगणात किडे वेचताय. निदान च्या तरी घ्या." चहा घेतला. अळ्या हेतलकडे पाठवल्या. त्याच निघाल्या.

त्यानंतर खेड. जगबुडी नदीच्या काठी मुंबईच्या एका गृहस्थांच्या प्लॉटवर तू झाडं लावलीस, त्यांतली काही वाळली. राखणीला असलेल्या खंडूने पाणी घातलं नाही असं म्हणून त्यांनी त्याला काढून टाकलं. खंडूने पाणी घातलं होतं. मुळंच उरली नव्हती, तर पाणी पिणार कोण?

हे तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "आत्या, तुझा किडा काय एसटीने गेला खेडला?"

नाही, सागर. तुझ्या गाडीने गेला.

तुझे आजोबा कातळात सुरुंग लावून खड्डे पाडत आणि शेतातली माती टोपल्यांनी वर नेऊन भरत. तू उलटं केलंस. सड्यावरची माती पोत्यांत भरून खाली आणलीस, मिरजोळ्याच्या नर्सरीत मोठी झाडं त्या मातीत वाढवलीस, आणि 'झाड, माती, खड्डा, सगळं आमचं' अशी पाटी लावून गावोगाव पोचवलीस. माती उकरायला जेसीबीने झुडपं काढलीस. ज्यांच्या मुळांवर ती अळी जगत होती ती झुडपं गेली. पोत्यात तिच्या शेजारी राहिलं ते आंब्याचं मूळ. ती ते खायला शिकली.

हे तुला समजलं आहे, हे मला माहीत आहे. समजलं नसतं तर एप्रिलमध्ये आंब्याची पेटी घेऊन आला नसतास. पेटी ओट्यावर ठेवलीस आणि उभ्याउभ्याच म्हणालास, "त्या लेखात गावांची नावं कशाला? नुसतं रत्नागिरी जिल्हा लिही. कोणाचं काय जातंय?" मी नाही म्हणाले, तर म्हणालास, "मग भुंग्याला माझंच नाव दे, म्हणजे झालं!" आणि पाणी न पिता गेलास. प्रसार म्हणजे ठिकाणं, बाबा. ती गाळली तर माझ्याकडे उरतो एक मेलेला किडा आणि एक टाचणी.

मालगुंडला एक अंगण आहे, खेडला एक प्लॉट. तिथली झाडं काढून, मुळं जाळून, माती भाजून अजून काही करता येईल. देवगडला तसं नाही. तिथे कातळावर नजर पोचेल तिथवर कलमं आहेत, एकाची मुळं दुसऱ्याच्या मुळांना भिडलेली, आणि हजारो माणसं त्यांवर जगतात. मध्ये खाडी आहे म्हणून ती वाचली आहेत. ती खाडी हा भुंगा जन्मात ओलांडणार नाही. तू त्याला गुरुवारी ओलांडून देणार आहेस.

फेब्रुवारीत घरची बाग मोहरली तेव्हा तू सगळ्यांना फोटो पाठवलेस. पान दिसत नव्हतं इतका मोहर. तुझी बहीण भाविका अमेरिकेतून म्हणाली, वास इथवर आला. मी काही उत्तर दिलं नाही आणि तू रागावलास, आत्याला आपलं चांगलं झालेलं बघवत नाही असं आईला म्हणालास. सड्याला लागून असलेल्या वरच्या ओळीतल्या झाडांना पालवीच आली नव्हती, ते मी फोटोत पाहत होते. सगळं मोहरात गेलं होतं. झाडाचा पाया सुटला की ते हातात असेल नसेल ते मोहरात टाकतं.

म्हणून मी तू नसताना घरी गेले आणि खणलं. दादा पडवीत खाटेवर बसून बघत होता. मी मूळ वर काढलं, पुन्हा मातीत ठेवलं, वर पालापाचोळा सारला. त्याने विचारलं, "बाय, दिसलं ना?" मी मान हलवली. तो म्हणाला, "माझ्या ध्यानात आलंय कधीचं. दुपारचा आडवा झालो की खालनं करकर ऐकू येतं. चांगलं ऐकू येतं. पोराला आताच सांगू नको. कितीतरी दिवसांनी हसताना दिसलाय."

त्याच्या शब्दासाठी मी आजवर थांबले. गुरुवारनंतर थांबण्याला अर्थ नाही. वरच्या ओळीतलं एकही झाड धड नाही, सागर. मधल्या ओळीतली मी पाहिली नाहीत. मला ते धैर्य झालं नाही असं समज. पडवीवर झुकलेलं आजोबांच्या हातचं मोठं कलम आहे, त्याची समुद्राकडची सगळी मुळं पोकळ आहेत. पाऊस लागला आणि नैऋत्येचा वारा सुटला की ते घराच्या बाजूलाच येणार. दादाची खाट तिथून हलव. पत्र पुरं होईपर्यंतही थांबू नकोस, आधी खाट हलव.

आणि मग कृषी कार्यालयात जा. स्वतः जा. कुठे कुठे झाडं दिलीस ते सांग. तू गेलास तर सांगणारा ठरशील. मी गेले तर तू लपवणारा ठरशील, आणि मी जाणार आहे. लेखात सडा, मालगुंड, खेड आणि मिरजोळ्याची नर्सरी ही चारही ठिकाणं जशीच्या तशी जातील. पाचवं त्यांत लिहायला लावू नकोस.

तुला मी शाळेत ओरडले, घरी ओरडले, तरी परीक्षेच्या आदल्या दिवशी तू माझ्याकडेच येऊन झोपायचास. ती माया कमी झालेली नाही. फक्त ती या कामाच्या आड येणार नाही.

तुझी, आणि तुझ्या आधी त्या झाडांची,
आनंदी आत्या

मिरजोळे, नर्सरीचं फाटक
बुधवार, १५ मे, सकाळ

हे पत्र पोस्टात न टाकता स्वतः घेऊन आले. सागर नाही. गुरुवारची गाडी आज उजाडायच्या आत निघाली, त्याचा ड्रायव्हर रितेश ती चालवतो आहे, आणि सागर त्याच्या शेजारी बसून गेला, असं दीपालीने सांगितलं. फोन दोघांचेही बंद आहेत.

दीपालीच्या हाती दिलं: वरील पत्र, उघडं, तिच्यासमोर वाचून, आणि एक बरणी, तिच्यात घरच्या बागेतल्या मुळाचा तुकडा व आत जिवंत अळी. बरणी तिने कानाशी धरली आणि ताबडतोब खाली ठेवली. दादाची खाट हलवायला ती आत्ताच घरी निघते आहे.

दीपालीने माझ्या हाती दिलं: गाडीचा नंबर, देवगडच्या त्या बागायतदाराचं नाव आणि फोन नंबर, आणि आजवर झाडं नेलेल्यांची नावं तिला आठवली तेवढी. हे सगळं मी इथून थेट कृषी कार्यालयात देते आहे.

तिने विचारलं, "आत्या, हे मी दिलं असं लिहिणार?"

मी म्हणाले, लिहिणार.

ती म्हणाली, "मग माझं नाव पूर्ण लिहा. सागरचंही."

दिलं: आनंदी
घेतलं व दिलं: दीपाली सागर