मागचं फाटक

ता. ४ मार्च

चि. टिकूस,

अ. उ. आ. आम्ही इकडे धडधाकट आहोत. तू वेळेवर जेवतेस की नुसती त्या एडिटिंगच्या खोलीत डोळे फोडत बसतेस, ते कळव. फोनवर तू हो-हो करून ठेवून देतेस, बाबांना तर फोनवर आता काहीच ऐकू येत नाही, म्हणून जुन्या सवयीने कागद ओढला.

तुमचा माहितीपट सोळा तारखेला इथल्या सभागृहात लागतोय. परवानगी तीनदा नाकारली गेली आणि शेवटी कोर्टाने दिली, हे तुला माहीत असेलच. कारखान्याचा तेव्हाचा मॅनेजर आज मंत्री आहे म्हटल्यावर दुसरं काय होणार! माझ्या औषधाच्या दुकानात तर दुसरा विषय नाही. खोकल्याचं औषध घ्यायला आलेला माणूस अर्धा तास संपावर बोलतो आणि खोकला विसरून जातो. काचेच्या कारखान्यात पोलीस शिरले आणि आत बसलेल्या संपवाल्यांपैकी नऊ कामगार मेले त्याला सव्वीस वर्षं झाली, पण लोक परवाची गोष्ट असल्यासारखे भांडतात. अर्धे म्हणतात, संपवाल्यांनीच मागचं फाटक मोडलं, गोदाम पेटवलं, म्हणून पोलिसांना आत जावं लागलं. उरलेले म्हणतात, पोलीस मारायलाच आले होते. माहितीपट इथे अजून कोणीच पाहिलेला नाही, मतं मात्र तयार.

आणि आपले तीर्थरूप! आई गेल्यापासून त्यांना इतकं खुललेलं मी पाहिलं नव्हतं. यातली सगळी कापाकापी आमच्या मुलीने केलीय, असं ज्याला त्याला सांगत सुटलेत, तेही त्यांच्या त्या गल्लीभर ऐकू जाणाऱ्या आवाजात. एकवीस वर्षं तिथे पहारेकरी होतो, माझा कारखाना मला बघायचाय, म्हणाले. स्वतः जाऊन पहिल्या रांगेची तीन तिकिटं आणली. तिसरं शेजारच्या शिलाईवाल्या काकूंना. त्यांचे यजमान त्या नऊ जणांतले, त्यांचा फोटो त्यात आहे असं कोणीतरी काकूंना सांगितलंय.

तुला येता आलं तर बघ. माया आहे तशीच राहू दे, आणि निदान चार ओळी खरड.

तुझा दादा


ता. ८ मार्च

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. जेवते. झोपेचं विचारू नकोस.

आधी महत्त्वाचं. बाबांना नेऊ नकोस. तिकडे गर्दी होणार, धक्काबुक्की होणार, त्यांचा गुडघा तसा, आणि आवाज इतका मोठा लावतात की धडधड वाढते. कार्यक्रम पुढे ढकलला म्हण, तिकिटं हरवली म्हण, काहीही सांग. मी नंतर घरी येऊन त्यांना निवांत दाखवीन. काकूंना मात्र जरूर ने.

इकडची हकिकत अशी की पहिल्या खेळाला लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या खेळाला एक गृहस्थ मध्येच उठला, आम्हाला सगळ्यांना देशाचे शत्रू म्हणाला, आणि मग छत्री राहिली म्हणून परत आला. एकाने नऊ मृत्यूंचा भाग संपल्यावर, संगीत कोणाचं, असं विचारलं. आमच्या दिग्दर्शकबाई खूश आहेत. मी शेवटच्या रांगेत बसून लोकांची डोकी बघते. टाळ्या सुरू झाल्या की बाहेर जाऊन उभी राहते. दमले असेन.

बाबांचं विसरू नकोस. माझ्यावर रागावलास तरी चालेल, पण एवढं ऐक.

तुझी टिकू


ता. १७ मार्च

टिकू,

या वेळी आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. सरळ सांगतो.

मी बाबांना नेलं. तिकिटं हरवली असं सांगायला गेलो तर त्यांनी ती खिशातून काढून दाखवली. सभागृह खच्चून भरलं होतं, दारात पोलीस पिशव्या तपासत होते. पहिला अर्धा तास लोक एकमेकांवरच ओरडत होते. कोणीतरी पडद्यावर पाण्याची बाटली भिरकावली. मॅनेजरचा तरुणपणचा फोटो आला तेव्हा निम्म्यांनी शिट्या मारल्या आणि निम्म्यांनी जयजयकार केला. काकूंच्या यजमानांचा फोटो आला तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. काकूंनी माझा हात धरला, तो फोटो गेल्यावरही सोडला नाही.

मग ते आलं. समोरच्या गच्चीवरून घेतलेलं, धूसर. खाकी कपड्यांतला एक पहारेकरी आतून साखळी काढतो, फाटक ढकलतो, आणि पोलिसांच्या गाड्या आत शिरतात. गोदामाला आग लागलेली नाही. फाटक कोणी मोडलेलं नाही. पहारेकऱ्याचा चेहरा टोपीखाली, दिसत नाही. आणि बाबा म्हणाले, की अरे, हा मीच.

त्यांचा आवाज तुला माहीत आहे. मागच्या पाच-सहा रांगांनी ऐकलं आणि उरलेल्यांना सांगितलं. काकूंनी माझा हात सोडला.

दिवे लागल्यावर चर्चा होती. सरकारच्या बाजूचा एक मास्तर उठला आणि म्हणाला की चला, पोलिसांनी काही तोडलं नव्हतं हे तरी सिद्ध झालं, कामगारांच्याच माणसाने उघडून दिलं. मग संघटनेचा जुना फोरमन उठला. बाबांकडे बोट करून त्याने विचारलं की त्या बदल्यात काय मिळालं रे तुला. दोन तास एकमेकांच्या नरडीला लागलेले लोक पहिल्यांदा एका सुरात ओरडले. बाबा पुढचा कठडा धरून उभे राहिले. काहीतरी बोलणार होते. मी त्यांना दंडाला धरून खाली बसवलं आणि मग बाजूच्या दाराने बाहेर काढलं. 

बाबांचे दोन शर्ट कॉलर बदलायला काकूंकडे पडले होते. आज सकाळी ते आमच्या उंबऱ्यावर घडी करून ठेवलेले होते. जुन्या कॉलरी उसवलेल्या, नव्या न लावलेल्या.

हे सगळं तू कापलंस, जोडलंस. म्हणजे तू पाहिलं होतंस. नेऊ नकोस म्हणालीस, का ते म्हणाली नाहीस. गुडघा म्हणे!

दादा


ता. २१ मार्च

ती. दादास,

नमस्कार. पुढचं काही मागायचा मला हक्क नाही.

हो, पाहिलं होतं. सात महिन्यांपूर्वी. त्या दिवशी गच्चीवर एक फोटोवाला होता. तो वारल्यावर त्याच्या मुलीने आम्हाला त्याने घेतलेली व्हिडिओ टेप दिली. पहिल्यांदा बघताना मी फक्त फाटक बघितलं. दुसऱ्यांदा साखळी काढणारा हात दिसला. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत म्हणून बाबा कडी डाव्या हाताने काढतात आणि उजवा खांदा दाराला लावतात. घरचं दार ते तसंच उघडतात. मी बाहेर जाऊन तोंड धुतलं, परत येऊन बसले, आणि दिग्दर्शकबाईंना म्हटलं की चांगलं दृश्य आहे.

ते चार सेकंद काढले असते तर संपवाल्यांनी फाटक मोडलं ही थाप तशीच राहिली असती. नऊ घरांना इतकी वर्षं खाली मान घालायला लावणारी थाप. म्हणून ठेवले. हे मी स्वतःला सांगते. पण दादा, खरं हे की चेहरा दिसत नव्हता म्हणून ठेवले. दिसला असता तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी काही तेवढी तत्त्वाची नाही.

बाबांना विचारायचं तीनदा ठरवलं. डिसेंबरात घरी आले तेव्हा ते माझ्या बॅगेची तुटलेली चेन दुरुस्त करत बसले होते, आणि मी तिथे स्टुलावर बसून हवापाण्याच्या गप्पा मारल्या. विचारलं असतं तर ते हो म्हणाले असते. ते ऐकायचं नव्हतं.

आता दिग्दर्शकबाईंना सगळं सांगितलंय. त्या कॅमेरा घेऊन घरी यायचं म्हणतात. काल इथे एका बाईने मला मिठी मारली आणि फाटकाचं दृश्य काळीज चिरतं असं सांगितलं. मी तिचे आभार मानले.

टिकू


ता. २ एप्रिल

चि. टिकूस,

आशीर्वाद. भांडून झालं, आता ऐक.

परवा टीव्हीवर मंत्री बोलला. ज्याने माहितीपट तीनदा अडवला तोच म्हणाला की हे फार धाडसी काम आहे, प्रत्येकाने बघावं. सत्य अखेर बाहेर आलं, फाटक एका पहारेकऱ्याने स्वतःच्या मनाने उघडलं, आणि नऊ जिवांच्या त्या गुन्हेगाराची चौकशी झालीच पाहिजे. बोलताना त्याने दोनदा डोळ्यांना रुमाल लावला. आता तुमच्या माहितीपटाला कुठेच अडवणूक होणार नाही, अभिनंदन.

दुकानात लोक चिठ्ठी काउंटरवर ठेवतात आणि औषध मिळेपर्यंत रस्त्याकडे बघतात. शटरवर कोणीतरी रंगाने नुसतं 'फाटक' लिहिलंय. मी पुसलं, पुन्हा लिहिलं.

बाबांना चौकशीची नोटीस आलीय. वकील म्हणतो की वय सांगा, आठवत नाही म्हणा, आपोआप मिटेल. मी बाबांना तसं पढवून ठेवलंय. तू एवढंच कर, ते दृश्य काढून टाक. नवी प्रत काढा, काहीही करा. कॅमेरे-बिमेरे इकडे आणू नका.

दादा


ता. ९ एप्रिल

चि. टिकूस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. दादाने तुमची पत्रं दाखवली नाहीत, मी त्याच्या कपाटातून काढून वाचली. कान गेलेत, डोळे शाबूत आहेत.

सभागृहात माझ्या तोंडून निसटलं असं तुम्ही दोघं धरून चालला आहात. निसटलं नाही. माझा आवाज केवढा येतो ते मला कळतं. बाजूला त्या बाई बसल्या होत्या आणि समोर मी फाटक उघडत होतो. सव्वीस वर्षं त्यांच्या शेजारी गप्प राहिलो. तसंच गप्प बसून तो पुढचा तास मात्र काढता येईना.

दुपारी सव्वातीनला फाटकावरच्या फोनवर मॅनेजर स्वतः बोलला. मागचं उघड, गाड्या येतील, असं म्हणाला. नाही म्हणालो नाही. दुसऱ्या दिवशी त्याने मला समोर बसवून चहा दिला आणि तुमच्या दोघांची शाळा विचारली. कोणती, किती वाजता सुटते, घ्यायला कोण जातं. मी समजायचं ते समजलो.

हे सांगायला मी उभा राहिलो होतो. दादाने खाली बसवलं. त्याचं मी समजू शकतो, तो घाबरला. तुझाच मला जास्त राग आलाय. सात महिने तू मला त्या टेपमध्ये बघत होतीस आणि एकदाही विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी तुमच्या कॅमेऱ्यासमोर बसून त्याचं नाव घेतलं असतं. फाटक कोणी उघडलं ते तुम्ही जगाला दाखवलंत, कोणी उघडायला लावलं ते सांगणारा तुझ्या घरात होता. आता मी बोललो तर स्वतःला वाचवायला बोलतोय असंच सगळे म्हणणार.

तरी बोललो. परवा चौकशीला गेलो, आठवत नाही म्हटलं नाही. अधिकारी तरुण होता, खुर्ची दिली, सगळं शांतपणे ऐकलं. टाइप करून आणलं तर त्यात मी फाटक उघडलं एवढंच. फोन नाही, नाव नाही. मी सही केली नाही. पुन्हा बोलावणार आहेत, पुन्हा जाईन.

काकूंकडेही गेलो. दार उघडलं, आत या म्हणाल्या नाहीत. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, की तेव्हा हे झोपले होते की जागे होते. माणसं जेवून पत्र्याखाली लवंडली होती, कोण जागं ते मला दिसलं नव्हतं. झोपले होते म्हटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. मी माहीत नाही म्हणालो. त्यांनी दार लावून घेतलं.

दृश्य काढू नकोस. पण तुमच्या माहितीपटात फाटक चार सेकंदांत उघडतं. ते तसं उघडत नव्हतं. साखळी गंजली होती, कुलूप अडकलं होतं, मला चांगली पाच मिनिटं लागली. बाहेर गाड्या उभ्या, आत आपली माणसं आडवी. एक हाक मारली असती तरी पुरलं असतं. मी पहाऱ्याच्या खोलीतून तेलाची बाटली आणली आणि कुलपात तेल सोडलं.

कॅमेरा आणायचा असेल तर आण, सांगीन. आधी तू एकटी ये.

तुझे बाबा